प्रपोजलमधलं शेवटचं अर्धं पान

संशोधनासाठी निधी मागणाऱ्या प्रपोजलमध्ये एक जागा अशी असते की तिथे पोचेपर्यंत सगळ्यांचा दम संपलेला असतो. उद्दिष्टं लिहून झालेली असतात, आधीच्या कामाचा आढावा पुन्हा पुन्हा घासूनपुसून झालेला असतो, उपकरणांची कोटेशन्स जोडलेली असतात आणि पोर्टल बंद व्हायला काही तास उरलेले असतात. तेव्हा तो रकाना समोर येतो: प्रकल्पातून निघणारा डेटा कुठे ठेवणार, कसा जपणार, कुणाला आणि केव्हा खुला करणार?

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांची प्रपोजलं वाचून, दुरुस्त करून पुढे पाठवण्याचं काम करते. त्या रकान्यात बहुतेक वेळा मला तीच तीन वाक्यं भेटतात. डेटा संस्थेच्या सर्व्हरवर सुरक्षित ठेवला जाईल. निष्कर्ष नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध केले जातील. इतर संशोधकांनी वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल.

लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. तीन वर्षांनी कुणी मागितला तर देऊच, असं त्याला खरंच वाटत असतं. पण तीन वर्षांनी देण्यासारखं काही हातात असावं लागतं, आणि ते आपोआप उरत नाही. म्हणून मी भेटेल त्या शास्त्रज्ञाला सांगत असते की हे अर्धं पान सगळ्यात आधी लिहा, आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर बजेटमध्ये एक आकडा दाखवा. आकडा दाखवता येत नसेल तर ते वाक्य अजून लिहायचं बाकी आहे.

त्या तिसऱ्या वाक्याचं पुढे काय होतं, हे कुणीतरी मोजून पाहिलेलं आहे. क्रोएशियातल्या काही संशोधकांनी असे १,७९२ शोधनिबंध गोळा केले, ज्यांत ‘विनंती केल्यास डेटा देऊ’ असं छापलेलं होतं. मग त्यांनी खरोखरच प्रत्येकाला विनंती केली. ९३ टक्के लेखकांनी उत्तरच दिलं नाही किंवा नकार दिला. डेटा हातात आला तो १२२ जणांकडून. हा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला आणि ते निबंध तेव्हा फार जुने नव्हते, २०१९ चे होते. त्याआधी २०१४ मध्ये प्राणी-वनस्पतींच्या मोजमापांवरच्या ५१६ जुन्या निबंधांचा असाच माग काढला गेला होता. त्यात दिसलं की निबंधाचं वय वर्षाने वाढलं की डेटा अजून शिल्लक असण्याची शक्यता साधारण १७ टक्क्यांनी घटते, आणि लेखकाचा छापलेला ईमेल पत्ता चालू असण्याचीही ७ टक्क्यांनी.

यामागे फार मोठं कारण नसतं. पीएचडीचा विद्यार्थी पुढच्या संशोधनासाठी, पोस्टडॉकला बाहेरदेशी जातो. त्याचा संस्थेचा ईमेल बंद होतो. हार्ड डिस्क ड्रॉवरमध्ये राहते, ड्रॉवर दुसऱ्याच्या ताब्यात जातो. आणि डिस्क सापडली, फाईल उघडलीही, तरी पुढचा प्रश्न उरतोच की आत लिहिलंय त्याचा अर्थ काय.

या प्रश्नापाशी मला जरा रेंगाळायचं आहे.

शेतीच्या अर्थकारणावरच्या सर्वेक्षणातला एक कॉलम घ्या. कॉलमचं नाव ‘जमीन’. खाली आकडे: १.२०, ०.३०, २.१०, १.३५. सर्वेक्षण करणारी ताई ओट्यावर बसून विचारते, “काका, जमीन किती आहे?” काका म्हणतात, “एक एकर वीस.” ती टॅबवर १.२० टाकते. काकांनी सांगितले एक एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे ही जमीन झाली दीड एकर. गणकयंत्राच्या लेखी मात्र ती एक पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. पुढच्या घरी काकू सातबारा आणून दाखवतात. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. हेक्टरचे आर शंभर, त्यामुळे तिथला १.२० दशांश म्हणून बरोबरच असतो, पण ते हेक्टर असतात. एकरांत ते जवळजवळ तीन भरतात. एकाच कॉलममधल्या एकाच आकड्याचे दीड एकर, सव्वा एकराला जरा कमी आणि तीन एकर असे तीन अर्थ होतात, आणि विश्लेषण करणारा सगळ्यांची सरासरी काढून मोकळा होतो.

मुरलेल्या माणसाला संशय येतो. कॉलममध्ये दशांशचिन्हापुढे एकोणचाळीसच्या वर एकही आकडा नसेल, तर हे गुंठे आहेत हे तो ओळखतो. पण तोवर फाईल एक्सेलमधून गेलेली असते आणि एक्सेलने शेवटचं शून्य टाकून दिलेलं असतं. १.२० चा १.२ झालेला असतो. आता ते वीस गुंठे होते की दोन, हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. ओट्यावर बसलेल्या त्या ताईला आठवत असेल तर तेवढंच.

हे फक्त खेड्यापाड्यांतल्या सर्वेक्षणातच होतं असं नाही. जनुकशास्त्रात काही जनुकांची छोटी नावं एक्सेलला तारखा वाटायची, सप्टेंबरची नाहीतर मार्चची, आणि छापून आलेल्या निबंधांच्या पुरवण्यांमध्ये त्या तारखा तशाच जात राहिल्या. २०१६ च्या एका तपासणीत जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलली.

‘जमीन’ कॉलमसाठी लागत काय होतं? एकक कोणतं, हे सांगणारी एक ओळ. एकर आणि गुंठे असे दोन वेगळे कॉलम. ‘सांगितलेलं की सातबाऱ्यावरून’ असा तिसरा. ‘उत्तर दिलं नाही’ याला कोणता आकडा वापरला, याची नोंद, म्हणजे वयाच्या कॉलममध्ये ९९ दिसल्यावर गावात इतकी म्हातारी माणसं कशी, असं कुणी विचारणार नाही. या सगळ्याला कोडबुक म्हणतात. प्रपोजलमधल्या त्या अर्ध्या पानाने मागितलेलं असतं ते हेच. आणि कोडबुक सर्वेक्षणाआधी लिहिलं तर दोन दिवसांचं काम असतं. सर्वेक्षण संपल्यावर लिहायला घेतलं तर कित्येकदा ते होतच नाही.

आता संमतीपत्रकाकडे येते, कारण सगळ्यात जास्त प्रकल्प अडकलेले मी तिथे पाहिले आहेत. एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या मराठी संमतीपत्रकात सवयीने एक वाक्य असतं: ‘तुम्ही दिलेली माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरली जाईल आणि संशोधकांखेरीज कुणालाही दाखवली जाणार नाही.’ वाचायला हे वाक्य फार जबाबदार वाटतं. त्याच प्रकल्पाच्या प्रपोजलमध्ये मात्र लिहिलेलं असतं की डेटा खुला करू. दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या सहीने गेलेली असतात. तीन वर्षांनी डेटा जमा करायची वेळ येते तेव्हा बाईंनी अंगठा उठवलेला असतो तो पहिल्या वाक्यावर, आणि तो शब्द मोडायचा अधिकार कुणाकडेच नसतो. मोडूही नये. उपाय सोपा आहे, पण तो सुरुवातीलाच करावा लागतो. नाव-गाव काढून टाकलेली माहिती इतर अभ्यासकांना देऊ का, असा वेगळा प्रश्न, वेगळ्या होय-नाहीसह पत्रकात घालायचा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचा मान राखायचा.

नाव काढलं की काम झालं, असंही नाही. गावात सुताराचं घर एकच असेल तर व्यवसायाच्या कॉलममधला ‘सुतार’ हा शब्द म्हणजे त्या घराचा पत्ताच झाला. जात, व्यवसाय, मुलांची संख्या आणि कर्ज हे चार कॉलम एकत्र ठेवले की शेजारच्या गावातला माणूसही बोट ठेवून सांगेल की हे कोण. अशा वेळी गावाऐवजी तालुका लिहायचा, कर्जाचा नेमका आकडा न देता गट करायचे, आणि तरीही धोका वाटला तर तो डेटा फक्त अर्ज करून, कारण सांगून, करार करून मिळेल असा ठेवायचा. सह्याद्रीत काम करणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. कंदीलपुष्पांच्या काही जाती मोजक्याच कड्यांवर उरल्या आहेत. त्यांचे जीपीएसचे नेमके आकडे खुले करणं म्हणजे कंद उकरून नेणाऱ्याला वाट दाखवणं. तिथे नोंद खुली ठेवायची आणि जागा ढोबळ करायची.

युरोपीय आयोगाने संशोधनाला निधी देणाऱ्या आपल्या होरायझन कार्यक्रमासाठी जे सूत्र धरलं आहे ते मला म्हणूनच पटतं: शक्य तितकं खुलं, गरजेपुरतं बंद. खुल्या विज्ञानाचा आग्रह धरणारे लोक सगळं चव्हाट्यावर मांडा म्हणतात, असा समज आपल्याकडे बराच आहे. खरं तर हा आग्रह नीट धरायचा तर काय झाकायचं हेही आधीच, कारणांसकट लिहून द्यावं लागतं.

आता भीतीबद्दल. तरुण शास्त्रज्ञ, विशेषतः ज्यांची नोकरी अजून पक्की नाही असे, मला दार लावून विचारतात: “मॅडम, आम्ही डेटा टाकला आणि दुसऱ्या कुणी आमच्याआधी पेपर काढला तर?” ही भीती खरी आहे. तीन पावसाळे रानात काढून गोळा केलेले आकडे मोठ्या प्रयोगशाळेतला कुणी आठवड्यात वापरून मोकळा होऊ शकतो. मी त्यांना नारायणगावजवळच्या दुर्बिणीचं उदाहरण देते.

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. जगभरातून कुणीही तिच्या वेळेसाठी प्रपोजल पाठवू शकतं. वेळ मिळाली, निरीक्षणं झाली की तो डेटा १८ महिने तुमचा एकट्याचा. त्यानंतर तो एनसीआरएच्या, म्हणजे दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेच्या अर्काइव्हमधून सगळ्यांना खुला. अर्ज करतानाच हे ठाऊक असतं, त्यामुळे कुणी कुणाचा घास हिरावला असं होत नाही. तुमच्या कष्टांना मुदत मिळते आणि समाजाच्या पैशांतून झालेल्या निरीक्षणांनाही.

त्यातून काय होऊ शकतं? २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं मोठं सर्वेक्षण केलं. कमी वारंवारतेवर आयनमंडलाचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा त्रास फार, डेटा साफ करणं जिकिरीचं. काही वर्षांनी चार खगोलशास्त्रज्ञांनी अर्काइव्हमधला तोच कच्चा डेटा घेतला, साफसफाईची नवी पद्धत वापरून तो सगळा पुन्हा पहिल्यापासून गाळला आणि २०१७ मध्ये सुमारे ९० टक्के आकाशाचे नकाशे आणि ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. दुर्बिणीचा एक तासही नव्याने खर्च झाला नाही. कच्चा डेटा जपलेला होता आणि कोणत्या रात्री कोणती अँटेना बंद होती इथपासूनच्या नोंदी सोबत होत्या, म्हणून हे जमलं.

याहून जुनं उदाहरण मुंबईचं आहे आणि ते सांगताना मला दर वेळी भरून येतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं होत होती. कर्मचारी ठरल्या वेळी सुईचं स्थान वाचायचे आणि लिहायचे, रात्रीसुद्धा. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लख्ख ज्वाला पाहिली. एका दिवसाच्या आत पृथ्वीवर ज्ञात इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक येऊन धडकलं. उत्तरेकडच्या कित्येक वेधशाळांमध्ये नोंदी मापनाच्या बाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र वाचन चालू राहिलं, आणि चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (हे त्या क्षेत्राच्या ताकदीचं एकक) घसरण वहीत उतरली. ती वाचनं वार्षिक खंडांत छापली गेली. एककं, उपकरणं, वेळ, सगळं त्याच खंडांत. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून ते आकडे काढले आणि त्या वादळाची ताकद किती होती याचा हिशेब मांडला. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या अशा वादळात कितपत टिकतील याची चर्चा होते तेव्हा कुलाब्याचे ते आकडे समोर ठेवले जातात.

त्याच वेधशाळेची पुढची गोष्ट प्रपोजल लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापं बिघडली असती, म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली. पण अलिबाग सुरू झालं आणि कुलाबा बंद झालं, असं त्यांनी केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली, दोन्हींमधला फरक काढला, आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. त्यामुळे कुलाबा-अलिबाग ही मालिका आज सलग वापरता येते. दोन वर्षं दुप्पट माणसं, दुप्पट खर्च, आणि त्यातून नवा शोध म्हणून दाखवण्यासारखं काहीच नाही. तरी कुणीतरी तो खर्च मागितला आणि कुणीतरी तो मंजूर केला.

आपल्या प्रपोजलांच्या बजेटमध्ये हाच खर्च दिसत नाही. मॅनपॉवर, कन्झ्युमेबल्स, ट्रॅव्हल, कंटिन्जन्सी, इक्विपमेंट, ओव्हरहेड. या हेड्सखाली जेआरएफ, म्हणजे फेलोशिपवरचा कनिष्ठ संशोधक असतो, केमिकल्स असतात, फील्डची गाडी असते. डेटा साफ करणारा, कोडबुक लिहिणारा, फाईल्सना नीट नावं देणारा, शेवटी त्या डेटा जपणाऱ्या एखाद्या भांडारात (रिपॉझिटरीत) जमा करणारा माणूस कुठेच नसतो. ते काम जेआरएफने थीसिस लिहिता लिहिता, रात्री करायचं असं गृहीत असतं. मग यूसी, म्हणजे निधी खर्च केल्याचं प्रमाणपत्र पाठवायची घाई सुरू होते, प्रकल्पाचं खातं बंद होतं आणि डेटा जिथे होता तिथेच राहतो.

बाहेर या बाबतीत नियम बरेच स्पष्ट झाले आहेत. विज्ञान-संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनएसएफने २०११ पासून दोन पानांचा डेटा आराखडा सक्तीचा केला. तिथल्याच वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएचने २५ जानेवारी २०२३ पासून आपल्या निधीतून डेटा निर्माण करणाऱ्या सगळ्या प्रकल्पांना तो लागू केला आणि त्यासाठी लागणारा खर्च बजेटमध्ये मागता येईल असंही सांगितलं. होरायझन युरोपमध्ये अर्जात खुल्या विज्ञानाच्या पद्धती लिहाव्या लागतात, डेटाबद्दल थोडक्यात सांगावं लागतं आणि निवड झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण आराखडा द्यावा लागतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान) आणि डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान) या विभागांनी २०१४ मध्ये खुल्या प्रवेशाचं धोरण आणलं, ते मुख्यतः निबंधांपुरतं होतं. जीवशास्त्राच्या डेटासाठी २०२१ मध्ये बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले, त्याचा आनंदच आहे, छोट्या गावातल्या कॉलेजच्या मुलीला आता महागडी नियतकालिकं वाचता येतील. पण तो पैसा दुसऱ्यांचं वाचण्यासाठी आहे. आपण जे मोजतो ते टिकवण्यासाठी प्रत्येक प्रकल्पात थोडा पैसा बाजूला पडायला हवा, आणि तो मागितल्याशिवाय पडणार नाही.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रपोजलांत मी आता थेट ओळ सुचवते. मॅनपॉवरखाली एक प्रोजेक्ट असिस्टंट, पहिल्या महिन्यापासून, कामाच्या वर्णनात स्पष्ट लिहून: कोडबुक, तपासणी, बॅकअप, नाव-गाव काढणं, भांडारात जमा करणं. भांडाराचं नाव लिहायचं. ‘योग्य ठिकाणी’ असं मोघम लिहायचं नाही. जैविक अनुक्रम (डीएनएसारखे) असतील तर फरिदाबादचं केंद्र. दुसरी खास जागा नसेल तर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने चालवलेलं झेनोडो हे भांडार आहे, ते फुकट आहे आणि तिथे जमा केलेल्या संचाला कायमचा डीओआय, म्हणजे ओळख-क्रमांक मिळतो. किती महिन्यांनी खुला करणार तो आकडा लिहायचा, मग तो १२ असो नाहीतर १८. काय खुलं करणार नाही आणि का, तेही लिहायचं. एवढं लिहिलं की ते पान अर्ध्याचं एक होतं, आणि लिहिता लिहिता प्रश्नावलीतल्या दोन-चार चुका हमखास सापडतात. ‘जमीन’ कॉलम असाच एकदा प्रपोजलच्या टप्प्यावरच दुरुस्त झाला, एकही घर गाठण्याआधी.

या असिस्टंटचं पद समितीत पहिलं कापलं जातं, हे मी पाहिलं आहे. ‘हे काम जेआरएफ करू शकेल’ असा शेरा येतो. समितीवर बसणाऱ्या सर-मॅडमना माझं एवढंच सांगणं आहे की पद कापायचं असेल तर जरूर कापा, पण मग त्याच प्रपोजलमधलं ‘डेटा खुला करू’ हे वाक्यही त्याच पेनाने खोडा आणि शेजारी सही करा. ते वाक्य तसंच ठेवून पद तेवढं काढलं, तर तीन वर्षांनी जाब विचारला जातो तो एका विद्यार्थ्याला, आणि तोवर त्याची फेलोशिपही संपलेली असते.